विमानाचं इमान

धुळ्याच्या माणसाला विमानाचं फारसं अप्रूप नाही. शहराला लागून गोंदूर आहे आणि गोंदूरला धावपट्टी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबनं वैमानिकांचं प्रशिक्षण या धावपट्टीवर आणलं, तेव्हापासून आमच्या डोक्यावर शिकाऊ विमानांची घरघर सुरू झाली. गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई आता वर बघतसुद्धा नाही. हा क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो याच क्लबात शिकून. शिरपूर आणि जळगाव इथंही वैमानिक घडवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे खानदेश देशाला वैमानिक देतो. पण ज्या धुळेकराला प्रवासी म्हणून विमानात बसायचं आहे, त्याला आधी शंभरेक किलोमीटर जमिनीवरून जावं लागतं.

माझ्या लहानपणी आकाशात विमान दिसलं की शेजारच्या काकू ओरडायच्या, "इमान चाललं रे, इमान!" आम्ही पोरं अंगणात धावायचो. घरी आल्यावर अम्मी ईमानाच्या गोष्टी सांगायची. तिचं ईमान म्हणजे श्रद्धा. मराठी शाळेत गेलो, तर तिथं इमान म्हणजे सचोटी, दिल्या शब्दाला जागणं. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ माझ्या मनात कायमचे एकमेकांत मिसळून गेले. पुढं मराठीत कविता लिहू लागलो. शिक्षण म्हणाल तर बी.ए. अर्थशास्त्र किंवा विमानशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही छोट्या शहरांना जोडणाऱ्या विमानसेवेबद्दल आज मला बोलायचं आहे. त्याला कारण घरचं आहे.

माझी थोरली बहीण, आमची आपा, हैदराबादला दिली होती. २०१२ सालच्या पावसाळ्यात एके दिवशी फजरच्या नमाजनंतर फोन आला, की आपा गेली. आमच्यात दफनविधीला उशीर करत नाहीत. शक्यतो त्याच दिवशी माणूस मातीच्या स्वाधीन करायचा असतो. धुळ्याहून हैदराबाद गाठायचं तर मनमाडला जाऊन रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस पकडायची, की सकाळी हैदराबाद. मुंबईला जाऊन विमान पकडावं, तर मुंबईपर्यंतच सहा-सात तास. कसाही हिशेब केला तरी दिवस मावळण्याआधी पोहोचणं शक्य नव्हतं. असरच्या नमाजनंतर आपाचा जनाजा निघाला, तेव्हा मी मनमाडच्या फलाटावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यानं मला थेट कब्रस्तानात नेलं. माती अजून ओली होती. तो एवढंच म्हणाला, "मामू, रास्ता तो बहोत देखा." मी काय बोलणार? वाट त्यांनीही पाहिली होती आणि मीही.

त्याच वर्षी, मार्च २०१२मध्ये, जळगावच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालेलं होतं. इमारत तयार होती, धावपट्टी तयार होती. फक्त विमान येत नव्हतं. ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. विमानतळ आहे आणि विमान नाही, असं का होतं? तेव्हापासून जे वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो, त्यातून कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी आमच्या मुलखाची मांडणी सांगतो. जुना खानदेश जिल्हा इंग्रजांनी १९०६ साली दोन तुकड्यांत विभागला. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, आणि त्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. जळगावचं नशीब असं, की मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणारी मुख्य रेल्वे त्याच्या दारातून जाते. भुसावळ तर देशातलं एक मोठं जंक्शन. धुळ्याच्या वाट्याला मात्र चाळीसगावहून येणारा फाटा आला, तोही १९०० सालचा, आणि शतकभर धुळ्याची रेल्वे त्या फाट्यापुढं सरकली नाही. दादरला थेट जाणारी गाडी धुळ्याला मिळाली, ती २०२३ साली. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४मध्ये. तो झाला की धुळे मुख्य मार्गावर येईल.

रस्त्यांचं पाहाल तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. म्हणजे पूर्व-पश्चिम जायला वाट आहे, उत्तरेला जायला वाट आहे. अडतं ते दक्षिणेला. खानदेशाच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आडवी पडलेली. पुणे, हैदराबाद, बंगळूर, गोवा ही सगळी गावं तिच्या पलीकडे. आणि गेल्या तीस वर्षांत आमची मुलं शिकायला, नोकरीला गेली ती याच गावांना. जळगावचा सोन्याचा बाजार, डाळमिली, पाइप आणि ठिबक सिंचनाचे कारखाने, यांचाही व्यवहार साऱ्या देशाशी. त्यामुळे विमान हा श्रीमंतांचा शौक, असं म्हणून आता भागत नाही.

विमानानं काय जाईल आणि काय जाणार नाही, हेही नीट समजून घ्यायला हवं. रावेर-यावलची केळी विमानानं दिल्लीला जाणार नाहीत. त्या मालाला रेल्वेचे वाघिण आणि ट्रकच बरे. विमानानं जाते ती वेळ. परीक्षेला निघालेला मुलगा, ऑपरेशनसाठी निघालेला म्हातारा, सौद्यासाठी निघालेला व्यापारी आणि मयतीला निघालेला भाऊ. यांना सामान थोडं असतं आणि तास मोजके असतात.

आता विमानतळाची गोष्ट. जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९७३ साली बांधली. पुढं ती काही काळ नगरपालिकेकडे, मग महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे होती. २००९ साली राज्य सरकार आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्यात करार झाला. तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील या जळगावच्याच लेक. त्यांच्या हस्ते २०१० साली नव्या कामाची पायाभरणी झाली आणि २०१२ साली विमानतळ तयार झाला. अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुसुंब्याजवळ तो आहे. धावपट्टी साधारण १७०० मीटर.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी गोम त्यात आहे. मोठ्या शहरांतून उडणारी दीडशे-दोनशे माणसांची जेट विमानं भरल्या वजनानं उडायला साधारणपणे दोन किलोमीटरहून लांब धावपट्टी मागतात. जळगावसारख्या ठिकाणी चालतं ते पंख्याचं विमान. फ्रान्स आणि इटलीच्या कंपन्यांनी मिळून काढलेलं एटीआर ७२ हे त्यातलं सगळ्यांत परिचित. जागा साधारण सत्तर. वेग जेटपेक्षा कमी, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण तीनशे-पाचशे किलोमीटरच्या फेरीत तेवढ्या वेगानं काही बिघडत नाही. जेट विमान खूप उंचावर गेल्यावर इंधन वाचवतं. छोट्या फेरीत ते वर पोहोचतं न पोहोचतं तोच उतरायची वेळ होते. पंख्याचं विमान कमी उंचीवरून, कमी इंधनात तेच काम करतं. ट्रक आणि टेम्पोमध्ये जो फरक, तोच इथं. चार पोती शेतातून घरी आणायला कोणी ट्रक नेत नाही.

मग टेम्पो असतानाही २०१२ ते २०१७ अशी पाच वर्षं जळगावला विमान का आलं नाही? कारण विमान कंपनीचा हिशेब. समजा, सत्तर जागांच्या विमानात पस्तीसच माणसं बसली. तरी इंधन जवळजवळ तेवढंच जळतं. वैमानिकांचा पगार तोच, विमानाचं भाडं तेच. हो, भाडं! बहुतेक कंपन्यांची विमानं स्वतःची नसतात. ती भाड्यानं घेतलेली असतात आणि ते भाडं विमान उडो वा न उडो, महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं. आणि रिकामी जागा शिळ्या भाकरीपेक्षाही वाईट. शिळ्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी कुसकरा तरी करता येतो. विमान सुटलं की रिकाम्या जागेचं काहीच करता येत नाही. त्यामुळे जिथं प्रवासी मिळण्याची खात्री नाही, तिथं कंपनी पाऊल टाकत नाही. आणि जिथं विमानच नाही, तिथं प्रवासी आहेत की नाहीत हे कळणार कसं? हे कोडं असं अडकलेलं होतं.

ते सोडवण्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ साली 'उडान' योजना आणली. उडान म्हणजे 'उडे देश का आम नागरिक' या शब्दांची आद्याक्षरं. एप्रिल २०१७मध्ये पंतप्रधानांनी सिमला-दिल्ली विमानाला झेंडा दाखवला, त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादची सेवाही सुरू झाली. योजनेची रचना समजायला अवघड नाही. कंपन्यांनी मार्गांसाठी बोली लावायची. मार्ग मिळाला की विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ही मर्यादा अडीच हजार रुपये होती. त्यात जी तूट येईल, ती सरकार तीन वर्षं भरून देणार. या तुटीतला साधारण पाचवा हिस्सा राज्यानं द्यायचा. उरलेल्या पैशासाठी मोठ्या शहरांतल्या विमानांच्या प्रत्येक फेरीवर काही हजार रुपयांचा आकार बसवला. शिवाय छोट्या विमानतळावर उतरण्याचं शुल्क माफ, आणि तिथं भरलेल्या इंधनावर राज्याचा कर फक्त एक टक्का. विमानाच्या खर्चात इंधनाचा वाटा फार मोठा असतो, म्हणून ही सवलत महत्त्वाची.

म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशानं जळगावच्या प्रवाशाला हात द्यायचा. हे ऐकून काहींना वाईट वाटतं. पण एसटीचं काय? १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटी हेच करत आली आहे. चार पैसे देणाऱ्या मार्गांच्या जिवावर सातपुड्यातल्या पाड्यावर मुक्कामी गाडी जाते. तिला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. तिच्यामुळे पाड्यावरची मुलगी तालुक्याच्या शाळेत येते, एवढं आपल्याला कळतं.

उडानमधून जळगावला पहिलं विमान आलं ते डिसेंबर २०१७मध्ये. एअर डेक्कन हे नाव. कर्नाटकातल्या हसन जिल्ह्यातले कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली याच नावानं स्वस्त विमानसेवा सुरू केली होती. ती पुढं किंगफिशरमध्ये विलीन झाली. हा त्या नावाचा दुसरा जन्म. विमान अगदी लहान, वीसच्या आत जागा. जळगावकरांनी फुलं उधळली, फोटो काढले. काही महिन्यांतच ही सेवा अडखळली आणि थांबली. पुढं २०२०मध्ये कंपनीचंच काम बंद पडलं. दुसरी आली ती हैदराबादची ट्रूजेट, सप्टेंबर २०१९मध्ये. हिची विमानं एटीआर. मुंबई, अहमदाबाद जोडलं गेलं. मार्च २०२०मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि देशभरची प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर आली. त्यातून सावरत ट्रूजेट चालली खरी, पण फेब्रुवारी २०२२मध्ये तिनंही सगळी उड्डाणं थांबवली.

त्या दिवसांत एका कामासाठी जळगावला गेलो होतो. चहाच्या टपरीवर एक शेतकरी म्हणाला, "उनं भो इमान, नि गयं बी." विमान आलं काय आणि गेलं काय. आमच्या अहिराणीत सारा अहवाल चार शब्दांत आटोपला.

सरकारी अहवाल थोडा मोठा आहे, पण सांगतो तेच. महालेखापरीक्षकांनी २०२३ साली उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांची तपासणी केली. एकूण ७७४ मार्ग कंपन्यांना दिलेले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झालं नाही. सुरू झाले ते ३७१. त्यांतले तीन वर्षांची मुदत पूर्ण करणारे ११२. आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३पर्यंत टिकलेले फक्त ५४. म्हणजे जळगावचं दुखणं एकट्या जळगावचं नव्हतं.

सेवा का टिकत नाही, याची कारणं आता पाहू. पहिलं, मुंबईत उतरायला जागा. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ठरावीक विमानंच चढू-उतरू शकतात. त्या वेळांना स्लॉट म्हणतात. सकाळ-संध्याकाळचे सोयीचे स्लॉट मोठ्या कंपन्यांकडे. लहान विमानाच्या वाट्याला उरलीसुरली वेळ येते. भर दुपारी मुंबईत पोहोचणाऱ्या विमानाचा व्यापाऱ्याला उपयोग नाही, कारण त्याचं काम सकाळी अकराला सुरू होतं. मग तो रात्रीच्या रेल्वेनंच जातो आणि विमान रिकामं राहतं. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली. तिथं छोट्या शहरांच्या विमानांना सोयीच्या वेळा मिळाव्यात, ही मागणी खानदेशानं आवाज चढवून करायला हवी.

दुसरं कारण, विमानांची कमतरता. लहान कंपनीकडे विमानं मोजकी. एकच विमान सकाळपासून पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी एका गावी धुक्यामुळे तासभर उशीर झाला, की तो उशीर संध्याकाळपर्यंत साखळीनं सगळ्या गावांना भोगावा लागतो. सुटा भाग मिळाला नाही आणि विमान दोन दिवस उभं राहिलं, तर बदली विमान नाही. आगारातली एक गाडी बिघडली की चार गावांचे लोक फाट्यावर ताटकळतात, तसंच. शिवाय अनेक छोट्या विमानतळांवर ढगाळ हवेत विमान उतरवणारी इन्स्ट्रुमेंट लँडिंग यंत्रणा नसते. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी नीट दिसल्याशिवाय उतरता येत नाही. मग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात फेऱ्या रद्द होतात.

तिसरं कारण या दोन्हींतून निघतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोठं. फेरी एकदा रद्द झाली, दोनदा रद्द झाली, की माणसाचा विश्वास उडतो. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं विमान ऐन वेळी रद्द झालं. कोणत्या कंपनीचं, ते महत्त्वाचं नाही. मुंबईची बैठक हुकली. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण त्यानंतर तो विमानाच्या वाटेला गेला नाही. "रेल्वे दोन तास लेट होईल, पण येईल तरी," असं तो म्हणतो. प्रवासी कमी होतात म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी होतात म्हणून प्रवासी कमी होतात. तीन वर्षांचं अनुदान तूट भरून काढतं, पण गेलेला भरवसा भरून काढत नाही.

हा धडा आपल्या देशात नवा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले, ती आपल्या विमानसेवेची सुरुवात. त्या सेवेला सरकारी अनुदान नव्हतं. जेवढं टपाल वाहायचं तेवढे पैसे मिळायचे. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठचं मैदान, पावसाळ्यात चिखलात जाणारं. तेव्हा पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवला, पण टपाल चुकवलं नाही. पहिल्या वर्षी ही सेवा वेळेच्या बाबतीत शंभर टक्के पक्की राहिली. लोकांनी विमानावर विश्वास ठेवला, तो या वक्तशीरपणामुळे. उलट उदाहरण वायुदूतचं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १९८१ साली ही कंपनी काढली, आधी ईशान्य भारतासाठी. मग मागणी येईल तसतशी गावं जोडत गेली. गावं वाढली तेवढी विमानं आणि तेवढे प्रवासी वाढले नाहीत. १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली.

आता २०२४कडे येतो. त्या वर्षी मार्चमध्ये गोव्यातून फ्लाय९१ नावाची नवी कंपनी सुरू झाली. ९१ हा आपल्या देशाचा टेलिफोन क्रमांक. मनोज चाको हे तिचे संस्थापकांपैकी एक. छोट्या शहरांना मोठ्या शहरांशी जोडायचं, तेही फक्त एटीआर विमानांनी, असं तिचं धोरण. सगळी विमानं एका जातीची असली की सुटे भाग, तंत्रज्ञ आणि वैमानिक सगळीकडे चालतात. एप्रिलमध्ये तिनं गोवा आणि हैदराबादला जळगाव जोडलं, आणि पुढं पुणेही. जूनमध्ये अलायन्स एअरनं जळगाव-मुंबई सुरू केली. डोंगराच्या पलीकडचा दक्षिणेचा रस्ता खानदेशाला प्रथमच आकाशातून मोकळा झाला.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर हैदराबादहून पुन्हा फोन आला. आपाचे यजमान, आमचे दूल्हाभाई, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. वय ऐंशीच्या पुढचं. भाचा म्हणाला, "मामू, आपकी याद कर रहे हैं." दुसऱ्या दिवशीचं जळगाव-हैदराबाद तिकीट मिळालं. रेल्वेच्या मानानं महाग होतं, पण मी घेतलं. धुळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून रिक्षानं विमानतळ. आयुष्यात पहिल्यांदा खानदेशातून उडालो. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. कपाशीची शेतं दिसली. ज्या डोंगरानं जन्मभर आडवं येऊन वाट अडवली, तो अजिंठ्याचा डोंगर खाली एखाद्या चुरगळलेल्या चादरीसारखा पडलेला दिसला. दीडेक तासात हैदराबाद आलं. त्याच संध्याकाळी मी दूल्हाभाईंच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "इतनी जल्दी कैसे आए?" मी म्हणालो, "जळगावहून विमान आहे आता." त्यांना ते खरंच वाटेना. मग आपाच्या आठवणी निघाल्या. ती कढी कशी करायची, कोणत्या शब्दावर हसायची. दोन दिवस मी तिथं होतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण पुढच्या वर्षी ते गेले. सकाळी फोन आला. मी पहिल्यांदा वार पाहिला. त्या वारी जळगावहून हैदराबादचं विमान नव्हतं. यात कोणाची चूक नाही. सेवा रोजची नव्हती, एवढंच. मी पुन्हा मनमाड गाठलं, पुन्हा रात्रीची गाडी, पुन्हा सकाळी कब्रस्तान आणि पुन्हा ओली माती. फरक एवढाच, की या वेळी आधीच्या वर्षीची ती संध्याकाळ माझ्याजवळ होती. ती विमानानं दिली होती, हे मी विसरणार नाही. आणि मृत्यू वेळापत्रक पाहून येत नाही, हेही विसरणार नाही.

म्हणून मित्रहो, मागायचं काय ते नीट ठरवून मागू या. दर निवडणुकीत कोणी ना कोणी धुळ्यालाही विमानतळ देऊ म्हणतं, आणि टाळ्या पडतात. मला विचाराल तर आज धुळ्याला दुसऱ्या विमानतळाची घाई नाही. शंभर किलोमीटरच्या अंतरात दोन अर्धपोटी विमानतळ ठेवण्यापेक्षा एक पोटभर चालवावा. धुळ्याला हवी आहे ती विमानाच्या वेळेशी जुळवलेली एसटी, धुळे-पारोळा-एरंडोल करत थेट जळगाव विमानतळावर जाणारी आणि विमान उतरेपर्यंत थांबणारी. विमान रद्द झालं तर प्रवाशाला निदान आदल्या संध्याकाळी कळावं. आठवड्यात तीन गावांना दोनदोनदा जाण्यापेक्षा एका गावाला रोज जावं. नव्या मार्गाच्या उद्घाटनाला जेवढे पुढारी येतात, त्यांतल्या दोघांनी वर्षभरानं येऊन तो मार्ग चालतो का हे पाहावं. आणि अनुदान द्यायचंच असेल, तर ते वेळेवर आणि न चुकता केलेल्या फेऱ्यांशी बांधावं.

आपल्याकडूनही काही हवं. छोट्या विमानसेवेचा पहिला आधार तिचे प्रवासी. जळगाव-धुळ्याचे व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक यांनी मुंबई-पुण्याला जाताना एकदा तरी आधी जळगावचं वेळापत्रक पाहावं. नुसतं विमान आलं म्हणून फुलं उधळून ते टिकत नाही. त्यात बसावं लागतं.

आज सकाळी हे लिहीत असताना गोंदूरकडून घरघर आली. एखादा विद्यार्थी आपली पहिली-दुसरी फेरी मारत असेल. उडणं, घिरटी घालणं आणि उतरणं, हेच तो दिवसभर करत राहील. उद्याही करील. वैमानिक तयार होतो तो असा, रोज तेच करून. विमानसेवाही तशीच तयार होते. पहिल्या दिवशी विमान येतं, ती बातमी. रोज ठरल्या वेळी येतं, ते इमान. शेजारच्या काकूंनी विमानाला दिलेलं नाव खरं ठरावं, एवढीच माझी इच्छा आहे.